पंचेचाळीस नक्की, पन्नास जमतील

वीस ऑगस्ट, सोमवार. रक्कम अठरा हजार रुपये, आगाऊ. हजर चौघे: मी, माझी बायको, कोशाच्या रेशमाचे दुपट्टे घ्यायला परदेशातून आलेल्या बाई, आणि त्यांना वरठी स्टेशनवरून गाडीत बसवून मोहाडी तालुक्यातल्या आमच्या घरी आणणारा नागपूरचा दलाल. गोंदिया आमच्यापासून वेगळा जिल्हा होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आदल्या वर्षीही याच बाईंची ऑर्डर होती. दलालाने आमच्या वतीने "सगळं होऊन जाईल" असं सांगून टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही. माल तीन आठवडे उशिरा गेला, बाईंनी अर्धा परत पाठवला. यंदाही तसंच झालं तर त्या पुन्हा येणार नव्हत्या, आणि आमच्या दोन हातमागांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून मी ठरवलं, आपलं आपण बोलायचं.

इंग्रजी मला मॅट्रिकपुरतं येत होतं. आकडे, रंग, मापं नीट सांगायचो. घोळ व्हायचा तो विल, कॅन, मे आणि मस्ट या चार शब्दांत. माझ्या तोंडातून चारही ठिकाणी विलच निघायचं. बायको बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली. मी विणत असताना ती समोर बसून सुताच्या कांड्या भरायची आणि प्रश्न टाकायची. धोटा या काठाकडून त्या काठाला जाईपर्यंत मी उत्तर द्यायचं, असा नियम.

"उद्या दोन दुपट्टे होतील काय जी?"

"विल."

"कसं विल? सूत तर संपून राह्यलं. जे नक्की होणार अन् जे झालं तर होईल, तुमाले दोन्ही सारखंच वाटते काय?"

चुकलं की एक रुपया दंड. "फी घेतेस की दंड?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुमाले पाहून वाटते, दंडातच फी निघून जाईल," ती म्हणाली.

प्रत्येक चुकीची रेघ मी मागामागच्या भिंतीवर कोळशाने स्वतः ओढत होतो. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस, शेवटच्या आठवड्यात दोन.

त्या सोमवारी बाईंनी विचारलं, चार ऑक्टोबरपर्यंत साठ दुपट्टे मिळतील का? म्हणजे पंचेचाळीस दिवस. एका दुपट्ट्याला एका मागावर दीड दिवस लागतो, तेव्हा दोन मागांवर बरोबर साठ. पण त्यात पोळा, तान्हा पोळा, तुटलेले धागे आणि सूत देणाऱ्याची टाळाटाळ धरलेली नव्हती.

दलालाने हात वर केला. "नो प्रॉब्लेम, मॅडम. ऑल विल बी डन."

"थांबा, भाऊ," मी म्हणालो, आणि बाईंकडे वळलो. "फॉर्टी-फाइव्ह, आय विल गिव्ह. फिफ्टी, आय कॅन, इफ यार्न कम्स इन टाइम. सिक्स्टी, आय मे. प्रॉमिस, आय कॅनॉट."

"काय करून राह्यला बे!" दलाल दबक्या आवाजात ओरडला. "ऑर्डर जाईन ना हातची! होऊन जाईल म्हण!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. कांडीवरचा बायकोचा हातही थांबला होता. मग बाईंनी वही उघडली आणि तीन आकडे एकाखाली एक लिहिले. पंचेचाळीसखाली दोन रेघा ओढल्या. इथे आल्यापासून एकाच प्रश्नाची तीन उत्तरं देणारा पहिला माणूस आज भेटला, असं त्या हळूहळू, मला समजेल असं बोलल्या. नऊशे रुपये नग ठरला. आगाऊ रक्कम त्यांनी दलालाच्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून माझ्या हातात दिली. दलाल गाडी वळवून ठेवायला बाहेर गेला. बायको पदर तोंडावर धरून हसत होती.

चार ऑक्टोबरला दलालासोबत बाई पुन्हा आल्या, आणि मी बावन्न दुपट्टे मोजून दिले. एकही त्यांनी परत केला नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांनी तिथेच, मागाजवळ उभं राहून दिली, आणि तारीख मला विचारून लिहिली.

बाईंनी उरलेले अठ्ठावीस हजार आठशे मला रोख दिले. दलालाला गाडीभाडं त्यांनीच परस्पर दिलं. ते गेल्यावर मी भिंतीवरच्या रेघा दोनदा मोजल्या. एकशे त्रेचाळीस भरल्या.

"पावती देऊ काय जी?" बायकोने विचारलं.

"यू मे," मी म्हणालो, आणि एकशे त्रेचाळीस रुपये, सुट्या नाण्यांसकट, तिच्या हातावर ठेवले.