बांगड्यांचा पुरावा

“अर्जदार बाईच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरलेल्या होत्या,” सरकारी वकील कोर्टात मोठ्याने वाचत होते. “म्हणजे उजव्या हाताने डाव्या हातात बांगड्या चढवता येतात. हात निकामी असल्याचं हे नाटक आहे.”

नाटक! माझा उजवा हात पुठ्ठ्याच्या कारखान्यात मशीनखाली चेपला होता. बोटं जागेवर राहिली, त्यांत जीव राहिला नाही. भाकरी थापता येईना. लुगडं थोरली मुलगी नेसवायची. कारखानदाराने घरी बसवलं. नवऱ्याला दमा, मंडईतली हमाली झेपत नव्हती. सरकारी विम्याची अपंग पेन्शन मिळाली तरच दोन मुलींची शाळा चालणार होती.

ती पेन्शन ठरवतं डॉक्टरांचं मंडळ. त्यांच्यापुढे जायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “सरकारी माणसांपुढे भुंड्या हातांनी जाणार? नवरा जिवंत आहे तुझा!” आणि मला कासाराकडे घेऊन गेल्या. कासार उजवा हात दाबत म्हणाला, “काय मऊ हात आहे, वहिनी! चटकन चढल्या.” मऊ कसला, मांस झडलं होतं. मंडळातल्या डॉक्टरांनी बांगड्या पाहिल्या. हाताला बोटही लावलं नाही. लिहून दिलं, अपंगत्व नाही. त्यावर आम्ही कोर्टात गेलो. सुनावणी व्हायला तीन वर्षं लागली.

वकिलांचं वाचून झालं तशी मी उठले. माझा वकील खाली बसा म्हणून खुणावत होता.

“साहेब, यांच्या घरच्या बायका आपल्या आपण बांगड्या भरतात का? आमच्याकडे कासार भरतो.”

मागे कोणी तरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. “डॉक्टरांनी हाताची पकड तपासली होती?” त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं. कागदात तसं काही नव्हतं. त्यांनी मंडळाचा निर्णय रद्द केला. मला वाटलं, मिळाली पेन्शन. कसली मिळते!

“कोर्ट हात तपासत नाही, बाई. पुन्हा मंडळापुढे जा.”

या खेपेला मी सगळ्या बांगड्या थोरलीकडून उतरवून घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, “माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस.” पुढे महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टरने माझी मोकळी मनगटं पाहिली आणि आवाज खाली आणला. “यजमान कधी गेले?”

“बाहेर बाकावर बसलेत. खोकताहेत, ऐकू येत नाही?”

तेव्हा कुठे त्याने हात हातात घेतला. बोटांना टाचणी टोचली. मी भिंतीकडे बघत होते, मला कळलंसुद्धा नाही. मग लिहिलं, अपंगत्व आहे.

पेन्शन सुरू झाली, पण त्या तपासणीपासून. मधली वर्षं कोणी मोजली नाहीत. त्या वर्षांत धाकटीची शाळा राहावी म्हणून थोरली लोकांची धुणीभांडी करायला लागली होती. पेन्शन आल्यावर तिला म्हटलं, जा परत. ती म्हणाली, “आता लहान पोरींत बसू का?”

निकामी झाला तो हात माझा, आणि सहावीतून कामाला लागली ती माझी मुलगी.