विरोध नाही, सबब…

मनोहरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा साकोली कोर्टाच्या वकिलांच्या बाररूममध्ये त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी मी डबा उघडून बसले होते. शोकसभेत सगळ्यांत लांब भाषण मीच ठोकलं. रडलेही. आता त्या भाषणाची आठवण आली की कानशिलं तापतात.

भाषणात सांगितलेला किस्सा खरा होता. मी नवखी होते, दादा माझ्या विरुद्ध बाजूला. त्यांच्या अर्जावर माझं लेखी म्हणणं यायचं होतं. आम्ही त्याला ‘से’ म्हणतो. माझी गाडी लाखनीजवळ बंद पडली. पुकारा झाला, मी नाही. ‘नो से’ असा शेरा पडला असता तर माझ्या पक्षकाराचं म्हणणं तिथेच संपलं असतं. दादाच उठून म्हणाले, “दुपारी घ्या साहेब, पोरगी येऊन राहिली असन.” आणि स्वतः कोर्टाजवळच्या फाट्यावर येऊन उभे. मी दुसऱ्या गाडीतून उतरून पळत सुटले तर म्हणाले, “पयू नोको. अर्जाच्या मागंच लिही तुहा से, मी थांबतो.” असा माणूस! विरोधकाला शोधून आणायचा आणि मग त्याच्याशी कडाकडा भांडायचा…

सुलाबाई त्यांची शेवटची पक्षकार. शेजाऱ्याने तिच्या धानाच्या बांधीकडे जाणारी पांदण अडवली, म्हणून तिने दावा लावला होता. शेजाऱ्याची वकील मी. दावा मुदतीत नाही, तो सुरुवातीलाच फेटाळावा, असा माझा अर्ज. त्यावर से द्यायच्या आधीच दादा गेले.

पुढच्या तारखेला सुलाबाई कोर्टाच्या दारासमोर व्हरांड्यात बसलेली मला दिसली. ‘मी बोलावल्याशिवाय आत येऊ नका,’ ही दादांची शिस्त ती ते गेल्यावरही पाळत होती. मी तिच्या समोरून आत गेले. पुकारा झाला, एरवी दादाच ‘हजर’ म्हणायचे, त्यामुळे ती जागची हलली नाही. आणि मी, शोकसभेत रडणारी मी, उभी राहून म्हणाले, “से आलेला नाही. अर्जाला विरोध नाही, सबब मंजूर व्हावा.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “विरोध नाही म्हणून अर्ज खरा ठरतो का, मॅडम? दावा तर मला वाचावाच लागेल.” त्यांनी तो वाचला. वाट कधी अडवली ते दाव्यात स्पष्ट लिहिलं होतं. दावा मुदतीत होता, आणि हे मलाही ठाऊक होतं. अर्ज नामंजूर झाला. हरल्याचं दुःख नव्हतं. जे काम दादांनी माझ्यासाठी फाट्यावर येऊन केलं होतं, त्यासाठी मला फक्त व्हरांड्यापर्यंत जायचं होतं.

बाहेर आले तर सुलाबाई उठून उभी राहिली. माझा पक्षकार तारखेला कधी फिरकत नसे, त्यामुळे मी कोणाची वकील हे तिला माहीतच नव्हतं. दादांबरोबर चहा पिताना तेवढं तिने मला पाहिलेलं.

“वकीलीनबाई, चपराशी म्हने दावा वाचला.” तिने माझे हात धरले. “दारातून पायलं मी, तुमी उभ्या राहून बोलत होत्या. वकीलसायेबच तुमाले सांगून गेले असन, नाई का?”

खरं सांगायला मी तोंड उघडलं… आणि बाहेर पडलं ते “हो.”