मंडळीची आई, माझी आई

तार आली तेव्हा मी सांगलीच्या घरी लेकीची वेणी घालत होते. मोटारी बदलत वडूजला माहेरी पोहोचेपर्यंत ऊन कललं होतं. अंगणात एवढी माणसं, की माझ्याच घरात शिरायला मला वाट मागावी लागली. आत आईला न्हाऊ घालून पांढरं पातळ नेसवलं होतं. उशाशी आईनं सांभाळलेली सलोमी, हातात फणी. आईचे केस तिनं विंचरले होते. ते माझं काम होतं... रडू यायच्या आधी माझ्या मनात हेच आलं.

"आमची आई गेली गं," म्हणत एकेक बाई माझ्या गळ्यात पडत होती. आमची! मी तिची एकुलती एक. पण वडूजच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत माझ्या आईला, सगुणाबाईला, सगळेच आई म्हणत. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, सुगीची उपासना, काहीही जवळ आलं की ती माझी राहायचीच नाही. गावोगावची कुटुंबं बैलगाड्यांतून मेळाव्याला यायची. त्यांची उतरायची सोय, गीतांची तालीम, चूल, सगळं तिच्याकडे. लहानपणी एकदा तापानं फणफणले असताना मी तिचा पदर धरला, तर म्हणाली, "सोड गं, पाव्हणं दारात हायती." मला त्या पाहुण्यांचा, त्यांच्या बैलांचासुद्धा राग यायचा.

लढाईच्या दिवसांत मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. कळा सुरू झाल्या त्या नेमक्या पुनरुत्थानाच्या सणाला, पहाटे. दारात झांजा वाजत होत्या, फेरी निघायची होती आणि पुढं होऊन गायला आई हवी होती. तिनं सुईणीला माझ्यापाशी बसवलं, माझ्या कपाळावरून हात फिरवला. "आलेच मी. देवाच्या हातात हायस तू." मला देवाचा नव्हे, तिचा हात हवा होता. ती परतली तेव्हा लेक दुपट्यात गुंडाळून झाली होती. "थांबली न्हाईस व्हय गं माज्यासाठी?" असं त्या तान्हीलाच लाडानं विचारत आई हसली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्याच वर्षी सलोमी आली. तिची आई आधीच गेलेली, बाप पलटणीत होता, तो लढाईत पडला. आईनं तिला घरी आणलं. मी माहेरी गेले की माझ्या कोनाड्यात तिच्या रिबिनी, माझ्या गोधडीवर ती, आणि देवळात आईशेजारी माझ्या जागेवरही तीच. एकदा मी बोललेच. आई म्हणाली, "तुला नवरा हाय, लेक हाय. तिला कोण हाय?"

"आणि मला आई कुठाय?" मी विचारलं. आई सुपातली ज्वारी निवडत राहिली...

आई गेल्यावर काही आठवड्यांनीच पुनरुत्थानाचा मेळावा होता. पाळकसाहेबांनी आग्रहानं बोलावलं म्हणून गेले. पहाटे पुढं उभी राहून सलोमी गायली. "अगदी सगुणाबाईचा गळा!" मागून कुणीतरी म्हणालं. माझा गळा तिच्यासारखा नाही.

जेवणं उरकल्यावर सलोमीनं मला चुलीकडे बोलावलं. गव्हाच्या खिरीचं पातेलं कलतं करून ती तळाची खरवड काढत होती. वाटी माझ्यापुढं धरून म्हणाली, "घ्या ताई, ही तुमची."

"माझी कशी?"

"दर मेळाव्याला आई काढून ठेवायच्या. आमच्या रूथला लय आवडती, म्हणायच्या. तुमी यायचा न्हाई. मग सांजच्याला शेवटची मोटार येऊन गेली, की ती वाटी मला." पातेल्याकडे बघत ती म्हणाली, "एकदा तरी माज्या नावानं काढायची हुती त्यांनी... मला लय राग यायचा तुमचा."

मी वाटी घेतली. करपट, गोड. एवढी वर्षं माझ्या वाटची खरवड हिनं खाल्ली, हा विचार तेव्हाही आलाच. सलोमी समोर उभी होती. तिला घासभरही न ठेवता मी वाटी संपवली.

आता सुगीच्या उपासनेचं बोलावणं आलं आहे. जाणार आहे. या वेळी खरवड मी काढणार. सलोमीच्या नावानं एक वाटी नक्की काढीन. मोठी वाटी मात्र माझी.