साहेबांकडची सुकेळी

माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अर्थशास्त्रात डॉक्टर होऊन तो आमच्या निर्मळ गावच्या घरी महिनाभर राहायला आला, तेव्हा मी तिशीला टेकलो होतो आणि रॉकेलच्या दुकानाचा परवाना मिळावा म्हणून चपला झिजवत होतो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. गावात रॉकेलचं दुकान एकच निघणार होतं, अर्ज मात्र अर्ध्या गावाचे. खरं सांगतो, मला परवाना हवा होता तो कमाईसाठी कमी. केळीच्या वाडीत रोज माझ्याशेजारी राबणाऱ्या वडिलांनी एकदा मान वर करून माझ्याकडे नीट बघावं, एवढ्यासाठी जास्त.

भाऊ आला आणि वडिलांची मान सदानकदा त्याच्याकडे वळलेली. ओटीवरच्या झोपाळ्यावर मी बसलेला दिसलो की त्यांना वाडीतलं काम आठवायचं. तिथेच हा तासन्‌तास पाय हलवत बसायचा. दह्यावरची सायसुद्धा त्याच्या वाटीत. असूया वगैरे पुस्तकी शब्द झाले, मी सरळसरळ जळत होतो.

त्याचा अभ्यास तरी कसला? तर लोकशाहीत सरकार निर्णय कसे घेतं, आणि सरकारकडचे परवाने, सवलती पदरात पाडून घ्यायला माणसं काय काय करतात. "काका, निवडून आलेला पुढारी आणि खुर्चीतला साहेब, दोघंही तुमच्या-आमच्यासारखेच. आधी आपलं बघणार," तो सांगायचा. "आणि परवाना एकच असला की तो मिळवायला दहाजण राबतात. त्या राबण्यातून पिकत काहीच नाही."

"म्हणजे कोरड्या विहिरीवर बैल फिरवायचे," वडील म्हणाले. आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, मी इथे सरळ करून लिहितोय.

भावाने मांडीवर थाप मारली. "काका, हे मी लिहिणार!" वडील चक्क लाजले. माझे वडील लाजू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

अंगणात सायकलला हवा भरता भरता मी सगळं ऐकत होतो. त्या विहिरीवरचा एक बैल मीच होतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. परवाना देणाऱ्या साहेबांना सुकेळी फार आवडतात अशी बातमी होती. आमच्याकडे पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात वाळवतात, मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीच्या दोरीने, बांधतात. मित्राला हवीत म्हणून आईकडून पुडे मागून घ्यायचे आणि सायकलला लटकवून साहेबांच्या घरी पोचवायचे, हे माझं चालू होतं. सगळेच अर्जदार काही ना काही नेत होते. मी एकट्यानेच सोवळं नेसून बसायचं का?

एका दुपारी भाऊ पापडी गावच्या बाजारातून आला आणि त्याने आईपुढे एक पुडा ठेवला. "काकू, शहरातली सवय. सुकेळी विकत घेतली."

आईने पुडा उलटासुलटा करून बघितला. प्रत्येक घरची बांधायची रीत वेगळी. बाकीच्या बायका सोपटाचं टोक बाहेर सोडतात, आई ते शेवटच्या वेढ्याखाली आत खोचते. "हा माझ्या हातचा पुडा," ती म्हणाली. "बाजारात कसा गेला?"

"विकणारी सांगत होती, कुठल्याशा साहेबांच्या घरून येतात. एवढी कोण खाणार? त्यांचा गडी आणून देतो."

वडिलांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. अगदी नीट.

आता माझी खैर नाही असं वाटलं. पण भाऊच पुढे सरसावला. "दादा, तूही अर्ज केलायस? सांग ना, सगळं सांग." मग मी सांगितलं. साहेबांच्या दाराशी ताटकळणं, शिपायाची मनधरणी, कोण कोंबडी नेतो, कोण पोराला त्यांच्या बागेत पाणी घालायला पाठवतो, सगळं. वडील कान देऊन ऐकत होते. माझं एवढं बोलणं त्यांनी कधीच ऐकून घेतलं नव्हतं. मला तर दुकान मिळाल्याएवढा आनंद झाला. माझं संपलं तेव्हा ते भावाकडे वळून म्हणाले, "काय एकेक शोधून काढतोस रे तू!"

शोधून काढतोस! चपला झिजल्या माझ्या, आणि शोधलं यानं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागात मी उपाशीच वाडीत निघून गेलो. मला जेवायला बोलवायला कुणी आलं नाही, कारण झोपाळ्यावर अजून साहेब आणि पुढारी चालले होते.

दिवाळी झाल्यावर परवाना मलाच मिळाला. सुकेळी कामी आली की आणखी काही, देव जाणे. मी सायकल दामटत घरी आलो. वडील झोपाळ्यावर एक मासिक घेऊन बसले होते. भावाचा लेख छापून आला होता, त्यावरून त्यांचं बोट हळूहळू सरकत होतं. मी मागून डोकावलो. एका अर्जदाराने साहेबांकडे पोचवलेला पुडा बाजारातून त्याच्याच घरी कसा परत आला, तिथवर ते पोचले होते.

"परवाना मिळाला," मी म्हणालो.

"थांब," ते मान वर न करता म्हणाले, "एवढं पान होऊ दे."