मामाच्या वेबसाइटवरचा दाढीवाला

माझा मामा दिवसा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो आणि संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. एकतीस वर्षं वाजवतोय, पण कायम दुसऱ्याच्या मागे. गाणारा पुढे, मामा मागे. घरात त्याच्या कार्यक्रमांचे फोटो ढिगाने आहेत, फक्त त्यांत मामा शोधावा लागतो. कुठे अर्धा कान, कुठे भात्याच्या चार घड्या. एका फोटोत तर नुसता बूट आहे. तो आपलाच, असं मामा छातीठोकपणे सांगतो.

अशा माणसाला एका सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी विचारलं, "एक अख्खी संध्याकाळ एकट्याने वाजवाल का? समितीला दाखवायला तुमच्या वेबसाइटचा पत्ता तेवढा शनिवारपर्यंत पाठवा." मामाने लगेच हो म्हटलं आणि घरी येऊन मला विचारलं, "वेबसाइट म्हणजे साधारण केवढी असते रे?"

तो बुधवार होता. वेबसाइट बनवायची तीन सॉफ्टवेअर मी त्याला काढून दिली. तिन्ही म्हणत होती, आम्ही अगदी सोपी, तुम्हाला काही येत नसलं तरी चालेल.

"काही न येण्यात तुमचा हात कोण धरणार!" मामी इस्त्री करता करता म्हणाली.

मामाने सॉफ्टवेअर पारखायला घेतलं ते अ‍ॅकॉर्डियन पारखतात तसं. जुनं अ‍ॅकॉर्डियन घेताना एकही पट्टी न दाबता भाता ओढून धरायचा आणि कान लावायचा. सुस्स झालं की समजायचं, हवा गळतेय. पहिलं सॉफ्टवेअर उघडल्यावर मामाने कशालाही हात न लावता लॅपटॉपला कान लावला. आतला पंखा घरघरायला लागला होता.

"गळतंय. बंद कर."

"मामा, तो पंखा आहे. सॉफ्टवेअर जड आहे म्हणून..."

"म्हणजे जडही आहे आणि गळतंयही."

मी ते बंद करून दुसरं उघडलं.

दुसऱ्यात कुठलीही गोष्ट ओढून कुठेही ठेवता येत होती. मामाने गुरुवारी सुट्टी काढून दिवसभर ओढाओढ केली. शेवटी त्याचं स्वतःचं नाव फोटोच्या मागे जाऊन बसलं, ते काही केल्या बाहेर येईना. "राहू दे, बरा आहे मी तिथे," मामा म्हणाला. मामीने येऊन लॅपटॉप मिटला.

तिसऱ्यात सगळं मांडून तयार होतं, आपण नाव आणि फोटो भरले की झालं. पंखाही गप्प. मामा खूश. त्याने वादकांसाठीचा नमुना निवडला. त्यात वर हा मोठा फोटो आणि खाली एक बारका. वरच्या जागी नमुन्यादाखल एक दाढीवाला मांडीवर गिटार घेऊन कुठेतरी लांब बघत बसला होता.

"याला काढायचं आणि इथे तुझा फोटो टाकायचा," मी म्हणालो.

मामा दचकला. "काढायचं? अरे, तो आधीपासून बसलाय!"

"तो कोणी नाहीये, मामा. नुसता शोभेला असतो."

"पुढे बसलेल्या माणसाला साथीदाराने उठवायचं नसतं. एकतीस वर्षांत मी कोणाला उठवलं नाही."

शुक्रवारी मी कामावर असताना मामाने वेबसाइट पुरी करून पत्ता पाठवूनही दिला. वर दाढीवाला जसाच्या तसा. खालच्या बारक्या चौकटीत मामा, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण चेहऱ्यानिशी, आणि खाली लिहिलेलं: 'साथीला'.

आठवड्याभराने बाईंचा फोन आला. "समिती एकदम खूश आहे! तुम्ही एकटे येणार असं वाटलं होतं, पण तुम्ही तर केवढे मोठे कलाकार आणताय. त्यांचं नाव काय?"

मामा घाबरून म्हणाला, "ते... प्रवासात आहेत. कळवतो." आणि त्याने फोन ठेवला.

"कुठल्या प्रवासाला गेलेत ते?" मामीने विचारलं. "अहो, खरं सांगून टाका."

"अगं, खरं सांगितलं तर संध्याकाळ हातची जाईल. अशी पुन्हा कोण देणार मला?"

"मग त्या दाढीवाल्याच्या मागे बसून वाजवा. बूट तेवढा दिसू द्या."

मामाने फोन उचलून बाईंना लावला. "बाई, तो माणूस सॉफ्टवेअरबरोबर आला होता. मी एकटाच आहे."

बाई म्हणाल्या, "एकटेच या. मी विचारलं होतं ते तुम्हालाच. पण वेबसाइटवरचे दोन्ही फोटो घालून पोस्टर लागली आहेत हो, ती आता निघायची नाहीत."

कार्यक्रमाच्या दिवशी मंचावरच्या माणसांनी पोस्टर बघून दोन खुर्च्या मांडल्या होत्या. पुढची उजेडात, मागची अंधारात. मामा सवयीने मागच्या खुर्चीवर बसला आणि वाजवायला लागला. वाजवलं सुरेख, पण टाळ्या वाजल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून.

"अहो, पुढे सरका!" मामी पहिल्या रांगेतून ओरडली.

मामा उठला. पुढच्या खुर्चीजवळ गेला, किंचित वाकला आणि अगदी हळू तिला म्हणाला, "बसू का?" थोडं थांबला. कोणी नको म्हणालं नाही, तसा बसला. मग सव्वा तास त्याने जे वाजवलं, तसं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. भाता उघडत होता तो थेट उजेडात.

बाहेर पडताना एक आजोबा पोस्टरजवळ थांबले. एकदा दाढीवाल्याकडे आणि एकदा मामाकडे बघून मामीला म्हणाले, "दाढी काढली ते उत्तम झालं. दहा वर्षांनी तरुण दिसतात. आणि गिटारही सोडली का?"

"सोडली," मामी म्हणाली. "मीच मागे लागले होते."