पाचवीच्या आधी

पंचफुलाबाई नागपूरच्या एका औषध केंद्रातली फिरती कार्यकर्ती. एचआयव्हीच्या गोळ्या चुकवणाऱ्यांची घरं हुडकायची, हे तिचं काम. जगात चार कोटी लोक हा आजार घेऊन जगतात, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. एवढे लोक तिच्या डोक्यात मावत नसत. आज मात्र पावणेतीन दिवसांच्या एका बाळानं डोकं पार खाल्लं होतं.

त्या बाळाच्या आईनं, मोनालीनं, गोळी कधी चुकवली नव्हती. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून ती नरखेडकडच्या गावी गेली, आईला आजाराचं बोललीच नाही, आणि दिवस भरायच्या आत घरीच मोकळी झाली. बाळाला जन्मताच पाजायचं औषध राहिलं नागपुरात. ते तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला हवं. काल संध्याकाळी तिचा रडका फोन आला, आणि आज औषध घेऊन नऊच्या एसटीनं पंचफुलाबाई गावात उतरली तेव्हा सहाच तास उरले होते.

दारातच मोनालीची आई, तुळसाबाई, आडवी आली.

"लेकराले दवाई पाजा लागते, मावशी."

"पाचवी व्हाच्या आंधी बाहेरचं काई तोंडात घालत नाई आमच्यात. धडधाकट पोरगं हाय. कायची दवाई?"

खरं सांगितलं असतं तर काम फत्ते होतं. पण दुसऱ्याचा आजार सांगायचा नाही, हा कायदा. पंचफुलाबाईला संताप आला, म्हातारीचा आणि स्वतःच्या बंद तोंडाचाही. शेवटी जे तिचं स्वतःचं होतं, तेच तिनं बाहेर काढलं.

"मले एचआयव्ही हाय, मावशी. माह्या पोराच्या वक्ती कोणी दवाई घेऊन आलं नाई. चौथीत होता, तवा गेला."

तुळसाबाई झटकन मागं सरली. "मंग दूर हो वं! लेकरापासून दूर!"

"आई," आतून मोनालीचा आवाज आला, "तिले दूर करशीन तं मलेबी कर. मलेबी तेच हाय."

तुळसाबाई उंबऱ्यावरच बसली. आत बाळ कुरकुरलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला. औषधाचे थेंब तिनंच पाजले. थेंब मोजताना तिचा हात पंचफुलाबाईनं धरून ठेवला होता.

"किती दिस?"

"सहा हप्ते. रोज एकाच टायमाले."

"नऊची यष्टी आली का पाजत जाईन." पंचफुलाबाई निघाली, तशी तुळसाबाईनं मागून हाक दिली, "परवा पाचवी हाय. जेवाले येजो वं."