अनथिंकेबलचा अर्थ
श्रीपूरला उसाच्या मळीचा वास आला, की तिथल्या साखर कारखान्याच्या वसाहतीतली आमची जुनी खोली आठवते. एका संध्याकाळी तिथं आई भाकरी थापत होती, ताई बारावीचं इंग्रजी मोठ्यानं पाठ करत होती. "अनथिंकेबल मंजे काय गं?" आईनं विचारलं. "ज्याचा विचारच करवत नाही, असं काही," ताई म्हणाली. "तू शिकायला पुण्याला जाशील, तसलं?" असं विचारत आईनं भाकरी तव्यावर टाकली. मग आईच म्हणाली, "न्हाय, ते न्हाय बसत. त्याचा तर मी रोज इचार करती की." जूनमध्ये टेंभुर्णीला ताई पुण्याच्या एसटीत बसली, तेव्हा आई हसून हात हलवत राहिली. मी मात्र ओक्साबोक्शी रडले, तेव्हा आईनं माझा हात धरला. ताई खरंच जाईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आता ताई परदेशात असते, आणि सुट्टी संपवून ती निघाली, की आई अजूनही आधी माझाच हात धरते.